क्ष-किरण अहवाल : सलग मजकुरातून रकान्यांकडे

देशातील रुग्णालयांच्या नोंदींचे संगणकीकरण गेल्या दशकात बरेच पुढे गेले आहे. क्ष-किरण चित्रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या प्रतिमा मोठ्या रुग्णालयांत आता संगणकाच्या पडद्यावरच वाचल्या जातात. त्या वाचून तज्ज्ञ जो अहवाल देतात, तो मात्र संगणकात साठवलेला असूनही संगणकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. कारण तो सलग गद्यात लिहिलेला असतो. अहवालातील प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र रकान्यात, ठरलेल्या संज्ञेने आणि संकेतांकासह नोंदवण्याच्या पद्धतीला संरचित अहवाललेखन असे म्हणतात. ही पद्धत कशी आकाराला आली, तिचा लाभ कोठे झाला, ती कोठे अडखळली आणि भारतात तिची आजची स्थिती काय आहे, याचा हा परिचय.

निरीक्षण आणि निष्कर्ष

क्ष-किरणतज्ज्ञाच्या अहवालाचे मुख्य भाग दोन. पहिल्या भागात प्रतिमेत काय दिसले ते लिहिलेले असते. त्याला निरीक्षणे म्हणतात. दुसऱ्या भागात त्या दिसण्याचा अर्थ काय लावला, ते दोन-चार ओळींत मांडलेले असते, तो निष्कर्ष. मराठी वृत्तलेखनात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु या विषयात त्यांची गल्लत करून चालत नाही. ‘उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ७ मिलिमीटरची घन गाठ दिसते’ हे निरीक्षण होय. ती गाठ जुन्या क्षयरोगाचा व्रण असावी की कर्करोगाची सुरुवात, याविषयीचे मत हा निष्कर्ष होय. रोग्यावर उपचार करणारा डॉक्टर घाईत असला की बहुधा निष्कर्षच वाचतो. निष्कर्षात न आलेले निरीक्षण अनेकदा तेथेच राहून जाते.

वर दिलेले उदाहरणच पुढे नेऊ. समजा, रस्त्यावरील अपघातात बरगड्यांना मार लागला म्हणून एखाद्या पस्तिशीपुढील माणसाच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. बरगडी मोडलेली नाही हे पाहून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अहवालाच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र ७ मिलिमीटरच्या गाठीचा उल्लेख होता. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमाशास्त्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या घन गाठीसाठी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन करावा, असे अपेक्षित आहे. तोपर्यंत अपघाताचे कागद कपाटात गेलेले असतात आणि रुग्णालयाला त्या माणसाची आठवण करून देणारे कोणीच नसते. हीच गाठ जर ‘गाठ’, ‘उजवे फुप्फुस’, ‘वरचा खंड’, ‘७’, ‘मिलिमीटर’, ‘पुनर्तपासणी आवश्यक’ अशा सहा रकान्यांत नोंदवलेली असती, तर सहा महिन्यांनी त्या माणसाचे नाव यादीत आपोआप वर आले असते. संरचित नोंदीचा सारा खटाटोप या एका यादीसाठी आहे, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

संगणकात शब्द शोधता येतात, मग सलग मजकुरातून हीच यादी का काढता येऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. अडचण अशी की, क्ष-किरण अहवालाची भाषा नकारांनी भरलेली असते. छातीच्या सर्वसाधारण अहवालात फुप्फुसाभोवती हवा नाही, पाणी नाही, न्यूमोनियाचा पट्टा नाही, असे लिहिण्याची रीत आहे. अशा अहवालांत ‘न्यूमोनिया’ हा शब्द शोधला, तर तो आजार नसलेल्यांचीच रांग प्रथम हाती लागते. त्यातच ‘नाकारता येत नाही’, ‘असण्याची शक्यता’, ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ अशा सावध शब्दयोजना असतात. इंग्रजी अहवालांतील ‘अनरिमार्केबल’ या विशेषणाने तर अनुवादकाची परीक्षाच पाहिली जाते. कोशात पाहिले तर त्याचा अर्थ ‘दखल घेण्याजोगे नसलेले’ असा निघतो; तज्ज्ञाला मात्र ‘अवयव निरोगी दिसतो’ एवढेच सांगायचे असते. माणूस संदर्भाने हे समजून घेतो. यंत्राला ते शिकवावे लागते आणि शिकवूनही ते चुकते.

शंभर वर्षांची मागणी

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर तीन दशकेही उलटली नव्हती, तोच अहवालांच्या भाषेविषयी तक्रारी सुरू झाल्या. अमेरिकेतील मिशिगनचे क्ष-किरणतज्ज्ञ प्रेस्टन हिकी यांनी १९२२ साली या अहवालांचे प्रमाणीकरण व्हावे, असा लेख लिहिला होता. प्रत्यक्षात पुढची सत्तर वर्षे तज्ज्ञ बोलत राहिले आणि टंकलेखक लिहीत राहिले. श्रुतलेखनाची जागा ध्वनिफितीने घेतली आणि ध्वनिफितीची जागा आवाज ओळखणाऱ्या संगणकप्रणालीने घेतली. पण निघाले ते गद्यच.

बदल घडला तो स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, म्हणजे मॅमोग्राफीत. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. निरोगी स्त्रियांची मोठ्या प्रमाणावर चाळणी तपासणी सुरू झाल्यावर एकाच प्रकारच्या सावलीला एक तज्ज्ञ ‘संशयास्पद’ म्हणे, तर दुसरा ‘लक्ष ठेवावे’ असे लिही. शल्यचिकित्सकाला त्यातून काय करावे ते कळत नसे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने १९९३ साली ‘बाय-रॅड्स’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. गाठीचा आकार, कडा, घनता, कॅल्शियमच्या कणांची मांडणी यांसाठी कोणते शब्द वापरायचे, हे या पद्धतीने ठरवून दिले आणि अहवालाच्या शेवटी शून्य ते सहा यांपैकी एक अंक देणे आवश्यक केले.

शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी प्रतिमा हव्यात. एक म्हणजे काही आढळले नाही आणि दोन म्हणजे आढळले ते निश्चितपणे निरुपद्रवी. तीन या अंकाचा अर्थ, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, परंतु सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. चार हा संशयास्पद वर्ग. त्यात तुकडा काढून तपासण्याचा सल्ला असतो आणि शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेली असल्यामुळे त्याचे तीन पोटविभाग पुढे करण्यात आले. पाच या अंकाची शक्यता किमान ९५ टक्के. सहा म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य अंकात नाही. प्रत्येक अंकाला एक कृती जोडलेली आहे, यात ते आहे. शिवाय अंक दिला की हिशेब मागता येतो. एखाद्या केंद्राने वर्षभरात ‘चार’ म्हटलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना खरोखर कर्करोग निघाला आणि ‘तीन’ म्हटलेल्यांपैकी किती जणी निसटल्या, हे मोजता येते. ‘संशयाला जागा आहे’ अशा वाक्याचा हिशेब कोणी कसा मागणार? अमेरिकेत मॅमोग्राफीच्या दर्जासंबंधीचा कायदा १९९२ साली झाला आणि १९९९पासून प्रत्येक मॅमोग्राफी अहवालात असा अंतिम वर्ग देणे बंधनकारक झाले. त्याच कायद्याच्या १९९८मधील दुरुस्तीने प्रत्येक स्त्रीला तपासणीचा निकाल तिला समजेल अशा सोप्या भाषेत लेखी कळवणेही आवश्यक केले. या दुसऱ्या तरतुदीची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. ती व्हायला हवी.

पुढे याच धर्तीवर यकृत, प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस, थायरॉइड अशा अवयवांसाठी वर्गवाऱ्या तयार झाल्या.

संज्ञा, संकेतांक आणि यंत्रे

रकाने ठरले तरी त्यांत भरायच्या शब्दांवर एकमत लागते. त्यासाठी चार आंतरराष्ट्रीय साधने वापरात आहेत. प्रतिमांची साठवण आणि देवाणघेवाण ‘डायकॉम’ या प्रमाणानुसार होते. क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि यंत्रे बनवणाऱ्यांची संघटना यांनी मिळून ते तयार केले. १९८५ साली त्याचे पहिले रूप आले आणि १९९३ साली आजचे नाव मिळाले. संरचित अहवालाचा भाग त्यात २०००च्या सुमारास समाविष्ट झाला. कोणती तपासणी केली, हे सांगण्यासाठी ‘लॉइंक’चा संकेतांक असतो. छातीच्या दोन बाजूंनी घेतलेल्या क्ष-किरण चित्राचा लॉइंक संकेतांक ३६६४३-५ असा आहे. काय आढळले, हे सांगण्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ हा वैद्यकीय संज्ञांचा कोश आहे. त्यात न्यूमोनियाला २३३६०४००७ हा क्रमांक आहे. केवळ क्ष-किरणशास्त्रासाठीचा ‘रॅडलेक्स’ हा कोश उत्तर अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने तयार केला आहे.

क्रमांकांचा उपयोग असा की, त्यांना भाषा नसते. तोच क्रमांक चेन्नईत तमिळमध्ये, कोलकात्यात बांगलात आणि नागपुरात मराठीत दाखवणे तत्त्वतः शक्य आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक भाषेत आधी सर्वमान्य शब्द असावा लागतो, आणि ते काम संगणकाचे नाही.

संरचित नोंद सर्वांत सहज रुजली ती जेथे माणसाला काही भरावे लागत नाही तेथे. गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचा व्यास, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी ही मापे तज्ज्ञ पडद्यावर घेतो. अद्ययावत यंत्रे ती स्वतःच रकान्यांत अहवालाकडे पाठवू शकतात. आकडा हाताने उतरवताना होणारी चूक त्यामुळे टळते. सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला मिळालेल्या किरणांच्या मात्रेची नोंदही यंत्र अशाच पद्धतीने ठेवू शकते.

माणसाने भरायच्या रकान्यांचे मात्र तसे नाही. पक्षाघाताच्या संशयावरून झालेल्या मेंदूच्या एमआरआय तपासण्यांवर प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी लिहिलेल्या अहवालांचा एक अभ्यास अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झाला. संरचित प्रणाली वापरल्यावर अहवालांची अचूकता आणि परिपूर्णता वाढण्याऐवजी घटली, असे त्यात आढळले. याउलट, कर्करोगावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूयॉर्कच्या एका केंद्रातील २०११च्या अभ्यासात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी संरचित अहवाल अधिक स्पष्ट असल्याचे सांगितले. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटले तरी तसे ते नाहीत. लिहिणाऱ्याचा त्रास आणि वाचणाऱ्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यायांची यादी उघडण्यासाठी तज्ज्ञाला प्रतिमेवरून नजर काढावी लागते आणि निदान तर प्रतिमेतच असते. आणखी एक धोका अधिक गंभीर आहे. रकान्यात ‘सामान्य’ हा शब्द आधीच भरून ठेवलेला असेल, तर न पाहिलेला अवयवही कागदावर निरोगी ठरतो. रकाना रिकामा राहिला तर तो रिकामा दिसला पाहिजे, एवढी दक्षता नमुना तयार करणाऱ्यांनी घेतलीच पाहिजे.

भारतातील अनुभव : पंचवीसपैकी किती?

भारतातील सर्वसामान्य माणसाची संरचित क्ष-किरण नोंदीशी पहिली ओळख कोरोनाच्या काळात झाली, तीही नकळत. २०२१च्या एप्रिल आणि मे महिन्यांत घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता : स्कोअर किती आला? हा गुणांक सीटी स्कॅनमधील फुप्फुसांच्या व्याप्तीचा होता. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच खंड. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित झाला, त्यावरून शून्य ते पाच गुण. म्हणून एकूण पंचवीस. त्याच अहवालात पुष्कळदा ‘को-रॅड्स’ नावाचा दुसरा अंकही असे. नेदरलँड्समधील क्ष-किरणतज्ज्ञांनी २०२० साली तयार केलेल्या या पद्धतीत एक ते पाच या चढत्या क्रमाने, दिसणारे बदल कोरोनाचेच असण्याचा संशय किती, ते सांगितले जाते. म्हणजे एक अंक संशयाचा आणि दुसरा व्याप्तीचा.

हे दोन अंक अनेक घरांत एकच समजले गेले. ‘को-रॅड्स ५’ वाचून माणूस अत्यवस्थ आहे असे समजून घाबरलेली कुटुंबे होती, आणि पंचवीसपैकी तीन गुण म्हणून निर्धास्त राहिलेलीही होती. वास्तविक लक्षणे सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेल्या स्कॅनमधील कमी गुणांवरून आठव्या दिवसाविषयी काहीच सांगता येत नव्हते. वैद्यकीय लिखाणात चाळीसपैकी गुण देणारी आणखी एक पद्धत होती. त्यामुळे ‘बारा आला’ एवढे फोनवर सांगून भागत नव्हते. सौम्य लक्षणे असलेल्यांनी विनाकारण सीटी स्कॅन करू नये, असा इशारा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना ३ मे २०२१ रोजी द्यावा लागला.

या अनुभवावरून अंक देणेच चुकीचे, असे म्हणता येणार नाही. खाटा, प्राणवायू आणि डॉक्टर या सर्वांचीच टंचाई असताना दूरच्या गावातून पाठवलेला अहवाल एका नजरेत कळणे, ही मोठी सोय होती. मात्र अंकाबरोबर तो कशाचा, कितीपैकी आणि आजाराच्या कितव्या दिवसाचा, हे तीन रकाने सुटता कामा नयेत. मॅमोग्राफीच्या अंकाला जशी कृती जोडलेली होती, तशी या गुणांकाला नव्हती. ती कृती प्राणवायूच्या पातळीवरून ठरत होती.

एफ नमुन्याची सावली

भारतीय क्ष-किरणतज्ज्ञांना रकाने भरण्याची सवय नाही, असे समजणे मात्र चूक ठरेल. देशातील कदाचित सर्वांत काटेकोर प्रतिमा-नोंद ते रोज भरतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम केला. त्यानंतर १९९४चा केंद्रीय कायदा आला, तो १९९६च्या आरंभी अमलात आला आणि २००३ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. तपासणीचे कारण ठरलेल्या यादीतून द्यावे लागते. गर्भाचे लिंग पाहिले अथवा सांगितले नसल्याचे प्रतिज्ञापन डॉक्टरला करावे लागते. नमुन्यातील त्रुटी हीच कायद्याचा भंग मानली जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावर असते. ही तरतूद सौम्य करण्याची डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९मध्ये फेटाळली. नोंद ही केवळ कारकुनी बाब नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मुलींच्या घटत्या प्रमाणाची पार्श्वभूमी पाहता ही कठोरता समजण्यासारखी आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला की, रकाना म्हणजे तपासनीस आणि रकाना चुकला म्हणजे खटला, अशी धारणा सोनोग्राफी करणाऱ्या अनेक डॉक्टरांच्या मनात बसली. उपचारासाठीचा संरचित नमुना त्यांच्यासमोर ठेवताना हा इतिहास विसरून चालणार नाही. कायद्यासाठीचा नमुना आणि रुग्णासाठीचा नमुना हे दोन वेगळे कागद आहेत, हे आधी सांगावे लागेल.

प्रमाणे आहेत, वापर कमी

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींसाठीची प्रमाणे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली जाहीर केली आणि २०१६ साली ती सुधारली. प्रतिमांसाठी डायकॉम, तपासण्यांसाठी लॉइंक आणि संज्ञांसाठी स्नोमेड सीटी यांचा त्यांत समावेश आहे. स्नोमेडचे पालन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४पासून सदस्य असल्यामुळे हा कोश देशातील रुग्णालयांना विनाशुल्क वापरता येतो. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील ‘सी-डॅक’मध्ये आहे. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली आणि सप्टेंबर २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर सुरू करण्यात आले. त्यात नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि नागरिकाच्या संमतीनेच दुसरीकडे पाठवल्या जातात.

अडचण पुढेच आहे. या आराखड्यात संकेतांकासह नोंदवलेली निरीक्षणेही पाठवता येतात आणि अहवालाची पीडीएफ प्रतही जोडता येते. दुसरा मार्ग सोपा असल्यामुळे तोच निवडला जाण्याची शक्यता अधिक. पीडीएफ म्हणजे कागदाचे छायाचित्रच. ते हरवत नाही, फाटत नाही, पण अपघातात सापडलेल्या त्या माणसाची ७ मिलिमीटरची गाठ त्यातून यादीवर येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता रकान्यांची गरजच उरणार नाही, असे एक मत मांडले जाते. त्याला आधार आहे आणि मर्यादाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली ३० हजार ८०५ रुग्णांची छातीची १ लाख १२ हजार १२० क्ष-किरण चित्रे संशोधनासाठी खुली केली. त्यांवरील आजारांची नावे जुन्या गद्य अहवालांतून संगणकाने वेचलेली होती. ती नावे प्रतिमांशी किती जुळतात, याविषयी क्ष-किरणतज्ज्ञांनी लवकरच शंका उपस्थित केल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१९ साली असाच संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘अनिश्चित’ अशी तिसरी खूण ठेवावी लागली. तज्ज्ञाच्या मनातील शंका पुसून टाकण्यापेक्षा तिलाही एक रकाना देणे अधिक प्रामाणिक, हे संगणकतज्ज्ञांनाही मान्य करावे लागले. आता नव्या भाषा-प्रणाली बोललेले गद्य ऐकून रकाने भरून देऊ शकतात. तसे झाले तर तज्ज्ञाची नजर प्रतिमेवर राहील; परंतु भरलेला प्रत्येक रकाना वाचून त्याखाली स्वाक्षरी करण्याचे काम त्याचेच राहील.

तोपर्यंत रुग्णाच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. अहवालाबरोबर मूळ प्रतिमांची सीडी अथवा डिजिटल फाइल मागून घ्यावी. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या छायाचित्रावरून पुढच्या तज्ज्ञाला गाठीचे माप घेता येत नाही. पुढील तपासणीला जाताना जुन्या प्रतिमा बरोबर न्याव्यात, कारण गाठ वाढली की तेवढीच राहिली, हे तुलनेनेच ठरते. अहवालाच्या मधल्या परिच्छेदांत एखादे माप दिलेले असेल आणि शेवटच्या निष्कर्षात त्याचा उल्लेख नसेल, तर ते माप कशाचे आणि पुन्हा कधी पाहायचे, हे डॉक्टरांना विचारून तारखेसह लिहून घ्यावे.